दार, खुर्ची आणि तिजोरी : अमेरिकेतील वायडब्ल्यूसीए आणि वांशिक समतेचा चौसष्ट वर्षांचा प्रवास

#थ्रेड #इतिहास

१) वर्णभेदाचा इतिहास सांगताना आपण बहुधा न्यायालये, मोर्चे आणि कायदे यांच्याविषयी बोलतो. पण मुलांचे आयुष्य न्यायालयात जात नाही. ते शाळेत जाते आणि शाळा सुटल्यावर क्रीडांगणावर, क्लबमध्ये, शिबिरात, वसतिगृहात जाते. शाळांच्या हातात हात घालून मुलांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांनी वंशभेदाशी कसा व्यवहार केला, याची ही कहाणी आहे.

२) त्यासाठी एकच संस्था घेऊ : यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजेच वायडब्ल्यूसीए. लंडनमध्ये १८५५ साली या चळवळीचा उगम झाला आणि १८५८ मध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली. नोकरीसाठी शहरात आलेल्या तरुण मुलींना सुरक्षित निवारा, शिक्षण आणि सोबत मिळावी, हा तिचा हेतू होता. १९०६ साली अमेरिकेतील विखुरलेल्या शाखांना एकत्र बांधणारे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले.

३) कृष्णवर्णीय स्त्रिया या कामात पहिल्यापासून होत्या. ओहायो राज्यातील डेटन येथे १८८९ मध्येच त्यांची शाखा उभी राहिली होती. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर १९०५ साली शहरातील पहिली वायडब्ल्यूसीए कृष्णवर्णीय स्त्रियांनीच स्थापन केली आणि तिला अठराव्या शतकातील कवयित्री फिलिस व्हीटली हिचे नाव मिळाले. जी पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या मुलीपासून कवयित्री झाली, तिचे नाव अनेक शहरांतील अशा शाखांनी अभिमानाने धारण केले.

४) म्हणजे प्रश्न ‘त्यांना आत घ्यावे का’ एवढाच नव्हता. त्या आतच होत्या. प्रश्न होता, त्या कोणत्या नात्याने आत आहेत? राष्ट्रीय मंडळाने १९०७ साली अ‍ॅडी हंटन यांना कृष्णवर्णीय शाखांच्या पाहणीसाठी नेमले. पुढील काही वर्षांत जी चौकट रूढ झाली ती अशी : एका शहरात एकच ‘मध्यवर्ती’ संस्था, आणि ती श्वेतवर्णीयांची. कृष्णवर्णीय स्त्रियांची संस्था तिची ‘शाखा’.

५) ‘शाखा’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण त्याचा कारभारातील अर्थ पाहा. शाखेला स्वतःची समिती असे, स्वतःचे कार्यकर्ते असत, स्वतः वर्गणी गोळा करावी लागे. अंतिम मान्यता मात्र मध्यवर्ती मंडळाची. श्रम शाखेचे आणि शिक्का मंडळाचा. तेव्हा देशात १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निकालाने ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व कायदेशीर ठरवले होते. संस्थेने त्याची घरगुती आवृत्ती काढली.

६) येथे शाळांचा संबंध येतो. १९१८ पासून वायडब्ल्यूसीएने किशोरवयीन मुलींसाठी ‘गर्ल रिझर्व्ह्ज’ हे क्लब चालवले. त्यांतील बरेच क्लब शाळांशी जोडलेले होते : शाळेची जागा, शिक्षिकांचे मार्गदर्शन, वर्गमैत्रिणींची सोबत. साहजिकच जेथे शाळा वेगळ्या, तेथे क्लबही वेगळे. दक्षिणेत हे कायद्याने होते, उत्तरेत वस्त्यांच्या विभागणीमुळे.

७) ही केवळ एका संस्थेची रीत नव्हती. बॉय स्काउट्ससारख्या मुलांच्या मोठ्या संघटनेनेही सुरुवातीच्या दशकांत कृष्णवर्णीय मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न स्थानिक मंडळांवर आणि स्थानिक शाळांच्या प्रथेवर सोडला होता. शाळांशी भागीदारी हे सेवेचे साधन होते, तशीच ती एक सोयीची सबबही होती. ‘आम्ही भेद करत नाही, शाळा जशी आहे, तसे आम्ही वागतो.’

८) सबब का म्हणायचे? कारण भागीदारी दोन्ही बाजूंनी असते. शाळा सरकारी असल्याने तिला राज्याचा कायदा बांधून ठेवत होता. स्वयंसेवी संस्थेला शाळेइतके ते बंधन नव्हते. शाळेपेक्षा एक पाऊल पुढे टाकण्याचे जे स्वातंत्र्य तिच्यापाशी होते, तेच तिने वापरले नाही. त्या स्वातंत्र्याची जाणीव संस्थेला करून दिली ती तिच्यातल्याच कृष्णवर्णीय स्त्रियांनी.

९) त्यांतील पहिले नाव इव्हा बोल्स. १९०५ मध्ये त्या न्यूयॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीएच्या कामात रुजू झाल्या आणि १९१३ पासून राष्ट्रीय मंडळात कृष्णवर्णीय शाखांच्या कामाच्या प्रमुख होत्या. पहिल्या महायुद्धात हजारो कृष्णवर्णीय मुली कारखान्यांत आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी केंद्रे उभारण्याचे काम बोल्स यांनी मोठ्या प्रमाणावर केले. शाखा ही कायमची अवस्था नसून संक्रमणाची पायरी आहे, अशी त्यांची धारणा होती.

१०) दुसरे नाव ज्युलिएट डेरिकॉट. जॉर्जिया राज्यात १८९७ मध्ये जन्म, अलाबामातील टॅलाडेगा कॉलेजातून १९१८ मध्ये पदवी, आणि लगेच वायडब्ल्यूसीएच्या विद्यार्थी विभागात नेमणूक. महाविद्यालयांमधील हा विभाग शहरी शाखांपेक्षा अधिक धीट होता. मिश्र सभा, मिश्र परिषदा आणि त्यांत बरोबरीने बोलणारी कृष्णवर्णीय वक्ती, हे दृश्य तेथे आधी दिसले.

११) डेरिकॉट यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९२८ च्या अखेरीस म्हैसूर येथे जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघाची परिषद भरली, तिला त्या अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या. देशोदेशींच्या तरुणांबरोबर राहताना वंशाचा प्रश्न फक्त आपल्या देशाचा नाही, हे त्यांना अधिक स्पष्टपणे दिसले. या परिषदेविषयी त्यांनी ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात लेखही लिहिला.

१२) १९२९ मध्ये त्या फिस्क विद्यापीठात विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता झाल्या. नोव्हेंबर १९३१ मध्ये काही विद्यार्थ्यांसह प्रवास करताना जॉर्जियातील डाल्टनजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. गावातील रुग्णालयात कृष्णवर्णीयांना दाखल करून घेत नसत. जखमींवर प्राथमिक उपचार करून त्यांना एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या घरी ठेवण्यात आले. पुढे चॅटानूगा येथे नेल्यावर डेरिकॉट यांचे निधन झाले. वय अवघे ३४. सोबतची एक विद्यार्थिनीही दगावली.

१३) या घटनेने देशभर संताप उसळला. वायडब्ल्यूसीएतील श्वेतवर्णीय स्त्रियांसाठी तर हा घरातला मृत्यू होता. परिषदांच्या व्यासपीठावर जिला त्यांनी ‘आपली’ म्हटले, तिला व्यासपीठाबाहेरच्या जगात खाट मिळाली नव्हती. सभागृहातील स्नेहाची मर्यादा याहून कठोरपणे कोणी दाखवू शकले नसते.

१४) त्याच सुमारास संस्थेच्या आत एक वेगळाच पेच उभा राहिला होता. राष्ट्रीय मंडळाने पुनर्रचना करून कृष्णवर्णीयांच्या कामाची स्वतंत्र व्यवस्था मोडली आणि ते काम इतर विभागांत विलीन केले. कागदावर हे एकात्मतेचे पाऊल होते. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र बसून धोरण ठरवत ते ठिकाणच गेले आणि नव्या रचनेत त्यांना तेवढे वजन मिळाले नाही. निषेध म्हणून इव्हा बोल्स यांनी १९३२ मध्ये राजीनामा दिला.

१५) हा राजीनामा नीट समजून घ्यायला हवा. बोल्स यांना विभक्तपणा हवा होता असे नाही. त्यांचा आक्षेप असा होता की भिंत पाडताना भिंतीपलीकडच्या माणसांची सत्ताही पाडली जात होती. वेगळी जागा अन्यायातून जन्मली असली, तरी तिच्यात नेतृत्व घडत असते. शिकागोतील वाबॅश अव्हेन्यूवरची कृष्णवर्णीयांची वायएमसीए घ्या. कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाची संस्था काढली ती त्याच इमारतीत.

१६) त्या इमारतीमागचा पैसाही बोलका आहे. उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी देऊ केले होते की, जे शहर कृष्णवर्णीयांच्या वायएमसीए इमारतीसाठी ७५,००० डॉलर उभारील, त्याला आपण २५,००० डॉलर देऊ. त्यातून अनेक शहरांत उत्तम इमारती झाल्या. सामान्य कृष्णवर्णीय मजुरांनीही पदरमोड करून वर्गणी दिली. औदार्य खरे होते. पण त्या औदार्याने वेगळेपणही विटांनी पक्के केले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१७) आता तिसरे नाव, डोरोथी हाइट. जन्म १९१२. बालपण पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावी. ही मुलगी गर्ल रिझर्व्ह्जची उत्साही सभासद होती. साधारण बारा वर्षांची असताना ती मैत्रिणींसह पिट्सबर्गच्या मध्यवर्ती वायडब्ल्यूसीएत पोहायला गेली, तेव्हा कृष्णवर्णीय मुलींना तलावात परवानगी नाही, असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. क्लबची सभासद, पण तलावाला परकी. महाराष्ट्राच्या वाचकाला पाणवठ्याचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१८) १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजने तिला प्रवेश दिला आणि ती हजर झाल्यावर नाकारला. कारण त्या वर्षीच्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या जागा भरल्या होत्या! हाइट न्यूयॉर्क विद्यापीठात शिकली. १९३७ मध्ये ती हार्लेमच्या वायडब्ल्यूसीएत नोकरीला लागली. जिच्या तलावातून परत पाठवले गेले त्याच संस्थेत तिने आयुष्याची चार दशके काढली, आणि ती संस्था आतून बदलली.

१९) बदलाची पहिली पायरी घोषणा नव्हती, पाहणी होती. ज्युलिएट बेल आणि हेलन विल्किन्स यांनी देशभरच्या शाखांत वंशविषयक व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, याचा अभ्यास केला. तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाची टेबले, शिबिरे, तलाव, वसतिगृहातील खोल्या, नोकरभरती, मंडळावरील जागा, असे मोजता येणारे प्रश्न त्यामुळे समोर आले. ‘आमच्याकडे सर्वांचे स्वागत आहे’ हे वाक्य अशा तपासणीपुढे फार काळ टिकत नाही.

२०) मार्च १९४६. अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनात ‘आंतरवांशिक सनद’ मंजूर झाली. वंशभेदाविरुद्ध बाहेरच्या समाजात आवाज उठवणे आणि संस्थेच्या स्वतःच्या जीवनात सर्व वंशांच्या स्त्रियांना पूर्ण सहभाग देणे, हे दोन्ही संकल्प तिच्यात होते. दक्षिणेतील अनेक प्रतिनिधींना वर्गणीदार दुरावतील अशी भीती होती. तरीही सनद संमत झाली.

२१) काळाचा क्रम ध्यानात घ्या. अमेरिकी सैन्यातील विभक्तपणा संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश १९४८ चा. शाळांमधील विभक्तपणा घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राऊन’ निकाल १७ मे १९५४ चा. म्हणजे शाळांना न्यायालयाने सांगण्याच्या आठ वर्षे आधी शाळांच्या या जोडीदार संस्थेने स्वतःला सांगितले. त्याच वर्षी गर्ल रिझर्व्ह्जचे नाव ‘वाय-टीन्स’ झाले.

२२) १९४६ हे वर्ष आपल्याकडेही या प्रश्नाशी जोडलेले आहे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. त्याच वर्षी भारतातील वायडब्ल्यूसीएने अमेरिकी साहाय्याने समाजकार्याचे विद्यालय काढले. पुढे ते दिल्लीत स्थिरावले, आणि १९५२ मध्ये तेथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवायला आल्या त्या डोरोथी हाइट.

२३) सनद झाली म्हणून व्यवहार बदलला का? फार हळूहळू. हाइट यांच्यावर सनदेच्या अंमलबजावणीची मोठी जबाबदारी होती. त्या गावोगाव फिरल्या, मंडळांशी बोलल्या, कार्यशाळा घेतल्या. अटलांटाच्या वायडब्ल्यूसीएचे भोजनगृह सर्वांना खुले व्हायला १९६० साल उजाडले, आणि तरीही शहरातील तसे ते पहिलेच सार्वजनिक भोजनगृह होते, असे संस्था सांगते. चौदा वर्षांचा हा उशीर आणि तरीही पहिला क्रमांक. संस्था आणि समाज, दोघांचेही मोजमाप यात आहे.

२४) शाळांच्या एकत्रीकरणात बोल्स यांची भीती मोठ्या प्रमाणावर खरी ठरली. ‘ब्राऊन’ निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र करताना बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळाच बंद झाल्या, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना नव्या शाळेचे दार मिळाले. पण त्यांना ओळखणारी मोठी माणसे दाराबाहेर राहिली. कृष्णवर्णीयांच्या अनेक शाखांचेही विलीनीकरण याच वाटेने झाले.

२५) म्हणून साठच्या दशकात प्रश्न दारावरून खुर्चीकडे वळला. निर्णय कोण घेते? १९६५ मध्ये वायडब्ल्यूसीएने वांशिक न्यायासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र कार्यालय उघडले आणि त्याची धुरा हाइट यांच्याकडे दिली. १९६७ मध्ये हेलन क्लेटर राष्ट्रीय मंडळाच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा झाल्या. १९४४ ची पाहणी करणाऱ्या हेलन विल्किन्स त्या याच. जिने मोजमाप केले, ती तेवीस वर्षांनी अध्यक्षपदी पोहोचली.

२६) १९७० चे अधिवेशन टेक्सासमधील ह्यूस्टनला भरले. त्याआधी सुमारे पाचशे कृष्णवर्णीय सभासद स्वतंत्रपणे एकत्र बसल्या. त्यांची भूमिका अशी झाली की अनेक उद्दिष्टांच्या यादीत वंशभेद हा एक मुद्दा म्हणून पुरेसा नाही. अधिवेशनाने ते मान्य केले आणि वंशभेदाचे निर्मूलन, तेही शक्य त्या सर्व मार्गांनी, हे संस्थेचे एकमेव सर्वोच्च कर्तव्य ठरवले. १९३२ मध्ये हिरावलेली एकत्र बसण्याची जागा त्या स्त्रियांनी स्वतः निर्माण केली, आणि तिच्याच बळावर सर्वांची दिशा बदलली.

२७) या चौसष्ट वर्षांतून काय दिसते? समतेचे तीन टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर संस्थेला वाटले की आता काम झाले. पहिला दाराचा : मूल आत येऊ शकते का? दुसरा खुर्चीचा : त्या मुलांच्या समाजातील माणूस निर्णयाच्या जागी बसतो का? तिसरा तिजोरीचा : देणगीदार नाराज होईल या भीतीने कोणता निर्णय पुढे ढकलला जातो? दार उघडले की छायाचित्र काढता येते. खुर्ची आणि तिजोरी यांचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तेथे उशीर होतो.

२८) आपल्याकडील सामाजिक चळवळीने हे दुसरे सूत्र लवकर ओळखले होते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा दोन देशांतील प्रश्नांचे नाते त्यांनी दाखवून दिले. १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह काढले. तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते स्वतः डॉ. आंबेडकर. ज्यांच्यासाठी संस्था, कारभारही त्यांच्याच हाती.

२९) आज अमेरिकेत शाळांबरोबर काम करणाऱ्या असंख्य संस्था आहेत : शिकवणी देणाऱ्या, खेळ शिकवणाऱ्या, मार्गदर्शक नेमणाऱ्या. मुलांच्या संख्येत विविधता, मंडळावर मात्र एकसारखेपणा, हे चित्र त्यांनाही अपरिचित नाही. ‘आम्ही तर मुलांच्या भल्यासाठीच काम करतो’ हे उत्तर १९०७ सालीही दिले जात होते, आणि ते मनापासूनच दिले जात होते. सद्हेतू खोटा नव्हता. तो अपुरा होता.

३०) इव्हा बोल्स १९४३ मध्ये वारल्या, सनद त्यांना पाहता आली नाही. डेरिकॉट तर कितीतरी आधी गेल्या. हाइट मात्र २०१० पर्यंत, वयाच्या ९८ व्या वर्षापर्यंत जगल्या आणि बरेच बदललेले पाहून गेल्या. संस्थांचा इतिहास अधिवेशनांच्या ठरावांनी लिहिला जातो. पण ठरावाच्या आधी कुणीतरी पाहणी केलेली असते, कुणीतरी राजीनामा दिलेला असतो, आणि कुणीतरी नकार मिळूनही तेथेच काम करत राहिलेले असते. ठराव वाचताना ही नावेही वाचावीत.

(समाप्त)